हशा टेपवर होता

"अजून वाढव आवाज," विभावरीमावशी म्हणाली.

"वाढवला तर सगळंच वाढतं गं. खुर्च्यांचा आवाजसुद्धा."

"वाढव तरी."

शनिवारची दुपार होती. टेबलावर अर्धी निवडलेली मेथी, माझा लॅपटॉप आणि मावशीची वही. हेडफोन मावशीच्या कानांना, आवाजाचा आलेख माझ्या डोळ्यांपुढे. मी इथल्या विद्यापीठात ध्वनिशास्त्राचं मास्टर्स करते आणि आईच्या या मावसबहिणीकडे राहते. हे जर्मन बंदराचं शहर स्वतःच एक राज्य आहे. त्याची विधानसभा आहे आणि इथल्या मंत्र्यांना सेनेटर म्हणतात. मावशी त्या विधानसभेत अठरा वर्षं लघुलेखक आहे.

लॅपटॉपवर गुरुवारची बैठक चालू होती. प्रस्ताव राज्यघटना बदलण्याचा होता: संकट जाहीर झालं की तीस दिवस सरकारने सभागृहाला न विचारता निर्णय घ्यावेत. सेनेटर विटफोट तेवीस मिनिटं बोलले. ते व्यासपीठावरून उतरले तेव्हा विरोधी बाजूच्या एक बाई माइकवर म्हणाल्या, "आणि एकतिसाव्या दिवशी?"

त्यावर विटफोट चालता चालता, आपल्या पक्षाच्या पहिल्या रांगेकडे तोंड करून म्हणाले, "मग तुम्हाला विचारणार कोण?"

पहिली रांग हसली.

हे मावशीने ऐकलं. ती दोन मीटरवर बसलेली होती. टेपवर मात्र बाईंचा प्रश्न होता आणि हशा होता. मध्ये काही नाही.

इथे इतिवृत्तात भाषणाबरोबर सगळं छापतात: कुठल्या बाकावरून कोण काय म्हणालं, टाळ्या कुठून आल्या, कोण हसलं. भाषण टेपवर असतं. बाकीचं फक्त लघुलेखकाच्या कानावर. मावशीने विटफोटांचं वाक्य लिहिलं, तासाभरात टाइप केलं आणि नियमाप्रमाणे त्यांच्याकडे तपासायला पाठवलं. शुक्रवारी कागद परत आला. त्या वाक्यावर लाल रेघ होती. समासात शेरा: असं बोललो नाही.

"त्या बाईंनी नाही ऐकलं?" मी विचारलं.

"त्यांच्याकडे पाठ होती ना त्याची. ज्यांनी ऐकलं ते हसले. आणि जे हसले ते आता म्हणतायत, आम्ही नाही ऐकलं." मावशीने मेथीची काडी मोडली. "टीडेमानबाई म्हणाल्या, मग वही दाखवा."

टीडेमान म्हणजे तिची वरिष्ठ. असा वाद झाला की निवाडाही तीच करते.

मावशी पुण्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी लघुलेखन शिकली. मिनिटाला एकशेवीस शब्द. तीन वर्षं मुंबईला विधिमंडळात प्रतिवेदक होती. लग्नानंतर रमेशकाकांबरोबर, म्हणजे जहाजावरच्या इंजिनियर नवऱ्याबरोबर, इथे आली, जर्मन शिकली, मग जर्मन लघुलिपी. भाषण ती जर्मन खुणांनी घेते. पण बाकावरून अचानक शेरा आला की हात आपोआप जुन्या वळणावर जातो. शब्द जर्मन, खुणा मराठी. अठरा वर्षं ती हे शेरे समासात असेच घेत आली आणि लगेच टाइप करत आली. वही कधी कुणी मागितलीच नव्हती.

"काय म्हणाल्या वही बघून?"

"बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हे आमच्यातलं कुणीच वाचू शकत नाही. शिवाय जर्मन तुमची मातृभाषा नाही, गडबडीत एखादं वाक्य वेगळं ऐकू येऊ शकतं." मावशी हसली. "अठरा वर्षं नाही आलं ते वेगळं ऐकू."

बाल्कनीतून रमेशकाका म्हणाले, "सोडून दे ना. सात महिन्यांनी रिटायर होतेयस. एका ओळीने काय होतंय?"

"अहो, जहाजाच्या इंजिनातला एक बोल्ट सोडला होतात का कधी?"

"बोल्ट सुटला तर जहाज बुडतं."

"गेनाऊ. अगदी तेच," मावशी म्हणाली.

काका कुंड्यांना पाणी घालत राहिले.

"तुला माहितेय, विटफोटचं पहिलं भाषण मीच घेतलं होतं," ती मला म्हणाली. "विरोधात होता तेव्हा. म्हणाला, या सभागृहाला विचारल्याशिवाय सरकारने पेन्सिलसुद्धा विकत घेऊ नये. सगळे हसले. मला आवडला होता तो. त्याचं सभागृहाच्या अधिकारांवरचं प्रत्येक भाषण मी मागून घ्यायची. पाळी बदलून घ्यायची त्यासाठी."

मी आलेख मोठा केला. बाईंच्या प्रश्नानंतर एक पूर्णांक एक दशांश सेकंदाने छोटासा उंचवटा होता. पुरुषी आवाजाच्या पट्ट्यात, सुमारे दीड सेकंदाचा. मग हशा. गोंगाट गाळून पाहिला. दोन वेगळ्या पद्धतींनी पाहिला. उंचवटा राहिला, शब्द निघाले नाहीत.

"सोमवारपर्यंत काहीतरी पुरावा दे म्हणतायत, नाहीतर दुरुस्त प्रतीवर सही कर." तिने हेडफोन काढले. "वल्लरी, तू लिहून देशील? विद्यापीठाच्या कागदावर?"

"काय लिहू?"

"त्याने काय म्हटलं ते."

मला हो म्हणायचं होतं. मावशी खरं बोलत होती, याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

"एवढंच लिहिता येईल की कुणीतरी काहीतरी बोललं," मी म्हणाले. "शब्द नाहीयेत त्यात."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग मेथीची जुडी पुढे ओढली.

"बरोबर आहे. ऐकू आलं नाही ते लिहायचं नाही."

सोमवारी तिने माझा एकपानी अहवाल नेला. टीडेमानबाईंनी तो वाचून फाइलला लावला. मावशीने सही केली नाही. टीडेमानबाईंनी केली. त्या आठवड्यापासून मावशीला सभागृहाच्या पाळीतून काढून समित्यांची जुनी कागदपत्रं तपासायला बसवलं. इतिवृत्त मंजूर झालं की वह्या नष्ट करतात, तशी तिचीही केली. घटनादुरुस्ती दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाली.

इतिवृत्ताचा छापील अंक आला तेव्हा मावशीने तो घरी आणला. मेथी निवडतो त्याच टेबलावर उघडला. बाईंचा प्रश्न होता: "आणि एकतिसाव्या दिवशी?" त्याखाली कंसात: (हशा).

"हशा ठेवलाय की," काका म्हणाले.

"तो टेपवर होता ना."

ती उरलेली पानं सावकाश, बोटाने ओळ धरून वाचत गेली. शेवटच्या पानावर थांबली. फोन उचलून कार्यालयाला लावला आणि आपल्या स्वच्छ, सावध जर्मनमध्ये म्हणाली, की बैठक संपल्याची वेळ चुकीची छापली आहे. अठरा चोवीस नाही, अठरा बेचाळीस. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"मी होते तिथे," मावशी म्हणाली.

संध्याकाळी मी वेबसाइट पाहिली. वेळ दुरुस्त केलेली होती.