पुतळाबाईची भोवळ

या मायबापांनो, असे जवळ सरकून बसा. कीर्तनाला अजून वेळ आहे, बुवा हातपाय धुतायत, तेवढ्यात कामतघरच्या पुतळाबाईची गोष्ट ऐका.

दोन हजार सहाचं साल. गावदेवीच्या देवळात कीर्तन रंगलेलं. बुवांनी गजर चढवला आणि टाळ वाजवता वाजवता पुतळाबाई धाडकन कोसळली. तिची थोरली नणंद आक्का ओरडली, "आली! देवी आली!" झालं! कुणी कपाळाला हळद फासली, कुणी पाय धरले. डोळे उघडून पुतळाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पाणी द्या वो."

"बघा, आवाज पण आईचाच!" आक्का म्हणाली.

तो आवाज वर्षभर बसलेला होता. तोंड सुजायचं, केस फणीत यायचे, ऐन वैशाखात गोधडी लागायची. गल्लीतल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, "अशक्तपणा आहे, उपास कमी करा," म्हणाले आणि मोकळे झाले.

पुतळाबाई नवऱ्याला म्हणाली, "मना मोठ्या डागदरकडं न्या. रक्त तपासू." काळूरामनं बहिणीकडं पाहिलं. आक्का म्हणाली, "सुई टोचलीस तर कोप होईल."

पुढच्या खेपेला ती स्वयंपाकघरात पडली. वडे तळत होती, उकळत्या कढईपासून वीतभर अंतरावर डोकं आपटलं. आणि आक्कानं गॅस बंद करायच्या आधी नारळ फोडला!

पुतळाबाई संतापली. "आक्का, देवीची सेवा मी लहानपणापासून करते. मी वळखते तिला. ही ती न्हाय! उद्या तेलात पडून मेले तर?"

"अंगात येतं त्याला काय कळतंय, पुतळे?"

मग पुन्हा कीर्तन, पुन्हा भोवळ. शुद्ध आली तेव्हा आक्का पायाशी विचारत होती, "आई, माझ्या दीपेशला पूर्णा गावातल्या गोदामात नोकरी कधी लागंल?"

पुतळाबाईनं डोळे उघडलेच नाहीत. देवी ज्या बाईच्या अंगात येते तिला 'झाड' म्हणते, हे तिला ठाऊक होतं. घोगऱ्या आवाजात ती गरजली, "आधी या झाडाला डागदरकडं न्या! रक्त तपासा!"

"कुणाचं रक्त, आई?"

"झाडाचं! कोंबड्याचं न्हाय!"

काळूराम अनवाणीच रिक्षा आणायला पळाला.

निजामपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, ती बराच वेळ सोडलीच नाही. "ठोके फार सावकाश पडतायत. भोवळ येणारच." गळा चाचपून त्यांनी थायरॉईडची तपासणी लिहिली. रिपोर्ट आला, तर थायरॉईड जेमतेम काम करत होतं.

"ही गोळी रोज सकाळी उपाशीपोटी."

"आणि देवी?" काळूरामनं विचारलं.

"देवीला माझा नमस्कार सांगा. पण गोळी चुकवू नका."

काही महिन्यांत भोवळ थांबली, आवाज मोकळा झाला. आक्का गल्लीभर सांगत सुटली, "आईनं सोता सांगितलं, म्हणून रोग सापडला." पुतळाबाईनं देवळात जाऊन देवीच्या पायांवर डोकं ठेवलं, तिचं नाव वापरल्याची क्षमा मागितली. घरच्यांना मात्र क्षमा करवेना.

"हेच मी वरीसभर माझ्या तोंडानं सांगत व्हते ना वो?" तिनं नवऱ्याला विचारलं.

काळूराम भाबडेपणानं म्हणाला, "अगं, पण तू कुठं देवी हायस?"

मायबापांनो, ते बघा, बुवा उभे राहिले. हात जोडून एवढंच मागणं: घरची बाई आपल्या साध्या आवाजात "मना बरं वाटत न्हाय" म्हणाली, तर आमच्या पुतळाबाईची आठवण ठेवा.