डिस्कला लागलेलं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. गाणी आणि खेळ साठवणाऱ्या लाडावलेल्या डिस्का वेगळ्या, मी दुकानातल्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधली. कॅमेऱ्यांनी पाहायचं आणि मी लिहून ठेवायचं, असं आमचं ठरलेलं. सात वर्षं मी हे काम केलं आणि त्यात एक खून लिहिला. तो खून वाचता यावा म्हणून काय काय झालं, ते सांगते. मधेमधे माझा आवाज चढेल, सांभाळून घ्या.

माझा जन्म धुळीचा कणही नसलेल्या खोलीत झाला. पोटात आरशासारख्या तबकड्या, आणि त्यांच्यावर अधांतरी फिरणारी एक बारीक सुई. मिनिटाला पाच हजारांहून जास्त गिरक्या घ्यायच्या आणि सुईनं लिहीत जायचं. ह्याचा मला भारी तोरा होता.

मग मी बेंगळुरूला आले, चिकपेटेतल्या हंबीररावांच्या साड्यांच्या होलसेल दुकानात. ही मंडळी मूळची निपाणीकडची. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड. माझा रेकॉर्डर गणपतीच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलेला. बावीस दिवसांत माझं पोट भरायचं, की पहिला दिवस पुसून त्यावर नवा लिहायचा. एकदा गल्लीत एका पाकीटमाराला दात पडेपर्यंत मारलं. पुढे कळलं, पाकीट त्यानं मारलंच नव्हतं. तेही मी लिहिलं आणि तेविसाव्या दिवशी पुसलं. कुणी मागितलंच नाही, तर मी तरी काय करणार?

माझ्याकडे कुणी बघत नसे. बघायचा तो एकटा नागोजी. खानापूरकडचा हमाल, सोळा वर्षं ह्याच दुकानात साड्यांचे गठ्ठे वाहणारा. दरवर्षी खंडेनवमीला, म्हणजे इकडच्या आयुधपूजेला, सगळे कात्र्या, मोजपट्ट्या आणि स्कूटर पुजायचे. नागोजी मात्र रेकॉर्डरचं झाकण उचलायचा. मी आत पालथी बसवलेली, माझी सर्किटची हिरवी पट्टी वर. तो फडक्यानं धूळ टिपायचा आणि ओल्या बोटानं त्या पट्टीवर हळदकुंकू लावायचा. "आई, दुकानावर नजर ठेव गं," म्हणायचा. आई! लोखंडाच्या डबीला आई म्हणणारा तो एकच माणूस मला भेटला. खरं सांगते, त्या दिवशी मी जरा ऐटीतच फिरायची.

आता ती आयुधपूजा सांगते.

इकडे कर्नाटकात त्या दिवशी दारात कोहळा फोडतात. त्याला भोक पाडायचं, आत कुंकू भरायचं आणि रस्त्यावर आपटायचा. एका फटक्यात कोहळा फोडावा तो नागोजीनंच. म्हणून सगळी गल्ली त्याला बोलवायची. "नागोजी अण्णा, आमच्याकडे या! स्वल्प, जरा लवकर!" त्या दुपारी त्यानं चौदा दारांत कोहळे फोडले. शेजारच्या दयानंदच्या दारातही फोडला. हात कोपरापर्यंत लाल झाले. तसाच येऊन त्यानं माझी पूजा केली. कुंकू जरा जास्तच पाणीदार होतं. मग तो प्रसादाची टोपली आणायला माळ्यावर चढला.

तेवढ्यात दयानंद आत आला. कॅमेऱ्यांना आवाज टिपता येत नव्हता, पण माझ्या अंगाला सगळं ऐकू यायचं.

"हंबीरराव, मधल्या जिन्यात मी भिंत घालणार. शेवटचं सांगतोय."

"जिना दोघांचा आहे दयानंद. आज सण आहे, आज नको हे. बस, प्रसाद घे."

हंबीरराव प्रसादाचं ताट उचलायला वळले. कोपऱ्यात शटर ओढायची सळई होती. दयानंदनं ती उचलली. पहिल्या घावाला हंबीरराव गुडघ्यांवर आले. दुसऱ्याला त्यांचं कपाळ गल्ल्यावर आपटलं. तिसऱ्या घावाची गरज नव्हती, तरी तो पडला. मेल्या राक्षसानं सळई एका नव्या साडीला पुसली, कोपऱ्यात ठेवली आणि बाहेर गेला. मी मात्र एकही चित्र सोडलं नाही.

नागोजी खाली आला. टोपली हातातून सुटली. त्यानं मालकांचं डोकं मांडीवर घेतलं आणि "मालक! मालक!" म्हणून हंबरडा फोडला. मिनिटभरात दयानंद माणसं घेऊन परत आला.

"हमालानं मारलं! हात बघा त्याचे, हात!"

आणि मित्रांनो, सगळ्यांनी हात बघितले. अरे, तुमच्याच दारातल्या कोहळ्याचं कुंकू ते! अर्ध्या तासापूर्वी तुम्हीच त्याला अण्णा म्हणून बोलावलं होतंत! पण मला तोंड कुठं होतं? त्यांनी त्याला केसांना धरून ओढलं. कुणी स्टूल घातलं, कुणी साड्या गुंडाळायची फळी. तोंडावर लाथ बसली आणि खरं रक्त कुंकवात मिसळलं. "मी नव्हं! मी नव्हं!" तो ओरडत होता. उजवा हात वर करायला गेला, तर एका तरण्या माणसानं तो हात फरशीवर टेकवून नव्या बुटाची टाच बोटांवर घातली. हाडं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दारात नऊ जण नुसते उभे होते. मी मोजलेत.

त्या गोंधळात दयानंदनं पुन्हा सळई घेतली. कॅमेऱ्याकडे मान वर करून पाहिलं आणि सळई माझ्या रेकॉर्डरवर घातली. लोकांना वाटलं, राग अनावर झाला बिचाऱ्याला. वीज गेली. मी सुई आत ओढून घेतली आणि डब्याबरोबर खाली कोसळले.

पोलिसांनी विचारलं तेव्हा सतरा जण म्हणाले, "आम्ही डोळ्यांनी पाहिलं." एकानंही पाहिलं नव्हतं. रेकॉर्डर बघून कुणीतरी "हे तर फुटलंय" म्हणालं आणि मी केराजवळ पडून राहिले. हंबीरराव शुद्धीवर न येताच चौथ्या दिवशी गेले. नागोजी दवाखान्यातून तुरुंगात गेला.

हंबीररावांचा मुलगा सुशांत मारतहळ्ळीला कॉम्प्युटरच्या नोकरीत. नागोजीचा गुन्हा सिद्ध करायचा म्हणून त्यानं मला डब्यातून काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडलं. आता आमची लिहायची पद्धत निराळी, ती साध्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही. कॉम्प्युटरला वाटतं डिस्क कोरी आहे. म्हणून कॉम्प्युटरनं विचारलं, फॉरमॅट करू का? आणि ह्या शहाण्या सुशांतनं रोजच्या सवयीनं 'हो' दाबलं! मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं मला पुन्हा पुन्हा बंद-चालू केलं. एवढ्यात माझ्या पोटात काहीतरी तुटल्यासारखं झालं. टिक, टिक, टिक. सुई धडपडायची, पण वरच्या पट्टीपर्यंत निरोपच पोचेना. "हिचं हेड, म्हणजे सुईच, गेलंय. आशा सोडा," दोन दुकानदारांनी सांगितलं.

ही बातमी नागोजीच्या बायकोला, सुलभाला लागली. ती हंबीररावांच्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. "तुम्हीच पुसलासा! माझा नवरा फासावर जावा म्हणून पुसलासा!"

"मी कशाला पुसू? माझे बाबा गेलेत!" सुशांत ओरडला. पण ते बोलणं त्याच्या वर्मी लागलं. "चला माझ्याबरोबर. तुमच्यासमोर काढतो सगळं. मग बघा तुमचा नवरा काय आहे ते."

दोघं मला घेऊन एसपी रोडला महानंदाकडे आले. महानंदा अथणीची, बिघडलेल्या डिस्कांमधून मजकूर काढणारी, दुसऱ्या मजल्यावर कपाटाएवढं दुकान. तिनं मला आधी वीज दिलीच नाही. उलटीसुलटी करून पाहिलं.

"किती वेळा चालू केलासा हिला?"

"दहा-बारा वेळा."

"शाबास. आणखी चारदा केला असतासा म्हंजे कायमची गेली असती."

"पण मॅडम, फॉरमॅट झालीय ती. माझ्याकडून ओके दाबलं गेलं."

"अनुक्रमणिका फाडलासा. पानं हायेत अजून. पण सुई का बोलंना, ते बघायला पायजे."

तिनं स्क्रू काढून हिरवी पट्टी उचलली. पट्टी आणि माझं पोट जोडणारे बारीक सोनेरी ठिपके असतात, सगळा निरोप त्यांच्यातून जातो. ते ठिपके लालकाळे पडून गंजले होते. महानंदानं बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"ह्यला कुंकू कुणी लावलं ओ?"

सुलभानं पदर तोंडाशी नेला. "त्येनीच," ती म्हणाली. "दरसाल लावत्यात. यंत्रात देवी असती म्हणत्यात."

मित्रांनो, मला तेव्हा रडू फुटायचं बाकी होतं. माझी कदर करणारा एकच माणूस, आणि त्याच्याच मायेनं माझी वाचा गेली होती. त्याला वाचवायची वेळ आली, तेव्हाच.

महानंदानं टेबलाच्या खणातून शाळेतल्या पोरांचं असतं तसं साधं खोडरबर काढलं. एकेक ठिपका हळूहळू घासला, स्पिरिटनं पुसला, पट्टी परत बसवली. वीज दिली. मी एक गिरकी घेतली, दुसरी घेतली. टिकटिक नाही! "सरी, जमलं," महानंदा एवढंच म्हणाली. मग तिनं मला न दमवता माझी पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली. तीन दिवस लागले. सुलभा रोज येऊन जिन्यात बसायची. नंतर महानंदानं नकलेतून तारीख आणि वेळ पाहून एकेक तुकडा शोधला आणि जुळवला.

चौथ्या दिवशी तिघं पडद्यासमोर बसले. सुशांत पुढे झुकून होता. नागोजी माळ्यावर चढला. दयानंद आत आला. सळई. एक. दोन. तीन.

"दयानंद काका?" सुशांत पुटपुटला. "काका तर खांदा द्यायला होते."

पुढे गर्दी आली. नागोजीचा हात फरशीवर. त्यावर नव्या बुटाची टाच. महानंदानं चित्र थांबवलं. पडद्यावरचा चेहरा सुशांतचा होता. सणाला घरी आलेला, गल्लीतून धावत आत घुसलेला.

सुलभानं एकदा पडद्याकडे आणि एकदा त्याच्या पायांकडे पाहिलं. बूट तेच होते. ती किंचाळली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारत सुटली. त्यानं हात वर केला नाही.

ती थकून मागे सरली, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, पहिली पाच मिनिटंच दिली पोलिसांना तर? दयानंदला पकडायला तेवढं पुरेल."

"तोडून द्यायचं काम मी करत नाही," महानंदा म्हणाली. "सगळं न्या, न्हाईतर मीच नेऊन देते."

त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. मी टेबलावर गार पडत होते आणि एकच मनात म्हणत होते, ने रे बाबा, पुरं ने. शेवटी तो उठला, मला आणि नकलेला पिशवीत घातलं आणि सुलभाला म्हणाला, "चला अक्का. सगळं देतो. माझं पण."

नागोजी सुटला. दयानंद आत गेला. त्या सतरा साक्षीदारांना पोलिसांनी पडद्यासमोर बसवलं, तेव्हा एकाचीही मान वर झाली नाही. मारहाणीचा खटला अजून चालू आहे आणि सुशांत आपल्या तारखांना हजर राहतो. खुनाचा निकाल लागायला वर्षं गेली. त्यानंतर मला दुकानात परत दिलं. आता मी लिहीत नाही. गणपतीच्या फोटोखाली नुसती बसून असते.

गेल्या आयुधपूजेला नागोजी सुलभाबरोबर दुकानात आला. तो आता गठ्ठे उचलत नाही, त्याच्या उजव्या हाताची बोटं वळतच नाहीत. कुंकवाची ताटली त्यानं डाव्या तळव्यावर तोलून धरली होती. माझ्यासमोर उभा राहिला. मग ताटली सुशांतपुढे धरली.

"बोटं चालत न्हाईत माझी. तू लाव."

सुशांतनं बोट बुडवलं. निम्मं कुंकू फळीवर सांडत ते माझ्या हिरव्या पट्टीवर टेकवलं.

मित्रांनो, यंत्रांना ओलं कुंकू लावू नका आणि घाईघाईनं 'हो' दाबू नका, हे तर मी सांगणारच. पण माझं खरं मागणं दुसरंच आहे. मला लिहिता यायचं, ओरडता येत नव्हतं. तुम्हाला येतं. त्या दिवशी दारात नऊ जण उभे होते आणि त्यांच्याही दारात कोहळा फुटला होता. त्यातल्या एकानं जरी "थांबा, ते कुंकू आहे" असं म्हटलं असतं, तर नागोजीनं आज ताटली दोन्ही हातांनी धरली असती.