नदीतलं वळण

जहाजावर सगळे त्याला मामा म्हणत. कप्तानाचा मामा, खानसाम्याचाही मामा, आणि नात्याने पाहिलं तर कोणाचाच नाही. पाण्याच्या पातळीखाली, बिनखिडकीच्या धुलाईघरात त्याची हयात गेली होती. वर हौशी प्रवासी महिनोन्‌महिने हिंडत, दिवसातून पाच वेळा जेवत आणि प्रत्येक डुंबण्यानंतर कोरा टॉवेल मागत. त्यांनी बंदरं पाहायची आणि मामाने त्या बंदरांची माती कपड्यांतून काढायची. "अर्धं जग धुतलंय मी," असं तो ऐटीत सांगे. पाहिलं किती, हे कोणी विचारत नसे म्हणून बरं.

त्या दिवशी मात्र त्याची यंत्रं थांबली, कारण जहाज समुद्र सोडून नदीत शिरलं होतं. धुण्याचं पाणी समुद्राचंच, मीठ काढून गोडं केलेलं. नदीच्या गाळाने ती यंत्रणा तुंबते, म्हणून नदीत धुणं बंद. मामाच्या हाताला काम नव्हतं आणि जिवाला चैन नव्हतं. आज त्याची मुलगी सुकाणूवर होती.

पोरगी याच जहाजावर खलाशी होती. डेक घासणं आणि दोर ओढणं चुकलं नव्हतं. कप्तानाने तिला सांगितलं होतं, "नदीतल्या बंदरापर्यंत जहाज नीट नेलंस, तर सुकाणूचं काम तुझं. नाहीतर पुन्हा डेकवर." तिच्या हातांबद्दल मामाला शंका नव्हती, धास्ती होती ती तिच्या तोंडाची. शाळेत बाईंशी वाद, लग्नघरी आत्याशी वाद! मोठ्यांना उलट बोलू नकोस, हे सांगून सांगून त्याची जीभ झिजली होती. सकाळीही त्याने बजावलं, "आज तरी तोंडाला कुलूप लाव."

"बाबा, सुकाणूवर गप्प बसून चालत नाही," असं म्हणून ती निघून गेली. घ्या! म्हणजे हेही उलट उत्तरच.

बंदरावरचे अधिकारी येणार म्हणून कप्तानाने इस्त्रीचे शर्ट वर मागवले. मामा हँगर घेऊन स्वतःच जिने चढला. सुकाणूच्या खोलीचं दार उघडलं आणि त्याचे पाय जागीच खिळले.

समोर भिंत नव्हतीच, नुसती काच होती. काचेपलीकडे नदी. नदी म्हणजे एक काठ इकडे, एक काठ तिकडे, एवढीच त्याची समजूत. इथे चहाच्या रंगाचं पाणी आभाळाला जाऊन टेकलेलं. त्यातून मुळासकट उपटलेलं एक झाड वाहत चाललं होतं आणि त्याच्या फांद्यांवर बगळे निवांत बसले होते. मग काठ जवळ येत गेले. जहाज इतकं उंच, की रानाचे शेंडे खाली दिसत होते. हिरव्यामागे हिरवं, त्यामागे आणखी हिरवं, आणि त्यातून उठणारी वाफ. काठावर फळीवर कपडे आपटणारी एक बाई हात थांबवून वर बघत राहिली. मामाला वाटलं, देवा, एवढं सगळं रोज माझ्या डोक्यावर होतं आणि मी टॉवेल मोजत होतो!

मुलगी त्याच्याकडे पाठ करून उभी होती. शेजारी नदीचा वाटाड्या. या पाण्यातून जहाजं नेण्यात केस पिकलेला स्थानिक माणूस. किती अंश वळायचं याचा तो हुकूम देई, ती तो मोठ्याने परत म्हणे आणि मगच सुकाणू फिरवी.

"डावीकडे पाच."

"डावीकडे पाच."

एवढं अजस्र धूड तिच्या दोन हातांत कुशीवर वळत होतं. मामाला आठवलं, हिला आपण रस्ता ओलांडतानाही बोट सोडू देत नव्हतो.

मग अवघड वळण आलं. नदी उजवीकडे वळत होती आणि डाव्या हाताला जहाज रुतवील अशी गाळाची लांब दांडी पाण्यातून वर आली होती. वाटाड्याने हात उजवीकडे केला आणि म्हणाला, "डावीकडे दहा."

"डावीकडे दहा?" सुकाणू हललं नाही. "साहेब, हात उजवीकडे आहे तुमचा. नदीही उजवीकडेच आहे."

कप्तानाने मान वळवली. मामाने डोळे मिटले. संपलं! गेलं सुकाणू, लागला डेक.

"उजवीकडे!" वाटाड्याने कपाळावर हात मारून घेतला. "उजवीकडे दहा!"

"उजवीकडे दहा."

मामाने डोळे उघडले तेव्हा गाळाची दांडी बाजूने सरकत होती, इतकी जवळ की तिच्यावरचे खेकडे दिसावेत. आणि वळणाआड दडलेलं बंदर हळूहळू पुढ्यात आलं. खांबांवरची घरं, शेकडो होड्या, धक्क्यावर हात हलवणारी माणसं. वाटाड्या मुलीकडे वळून म्हणाला, "वाचवलंस, पोरी." कप्तानाने सुकाणूवरच्या माणसांची नावं असलेल्या फळ्यावर तिचं नाव लिहिलं.

जहाज धक्क्याला लागल्यावर ती मागे वळली. वडिलांना पाहून चपापली.

"बाबा, तुम्ही केव्हापासून इथे?" मग हळूच म्हणाली, "मी उलट बोलले ना?"

मामाने हातातले हँगर बाजूला ठेवले. त्याने तिचे हात आपल्या हातांत धरले.

"बोललीस," तो म्हणाला. "बोलत जा."