इस्त्रीला लागणारं गाणं

आमच्या ह्यांना गाता येत होतं असं मी कधीच म्हणणार नाही. गुणगुणता येत होतं, आणि तेही एकच गाणं. आमचं लग्न झालं त्या वर्षी कुठल्याशा सिनेमात एक नावाडी वल्हं मारता मारता ते म्हणायचा. सिनेमा लोक विसरले, नावाड्यालाही विसरले, पण आमच्या दुकानात ते गाणं एकतीस वर्षं रोज सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत चालू होतं. पुढे मी बसायची. बटणं लावायची, उसवलेलं शिवायची, गिऱ्हाइकांशी बोलायची. मागे टेबलाशी उभे राहून हे इस्त्री करायचे आणि गुणगुणायचे. माझे कान किटले होते, खोटं कशाला बोलू?

पण ते गाणं म्हणजे ह्यांचं घड्याळ होतं, हे मला फार उशिरा कळलं. आमची इस्त्री जुनी, वजनाला धोंडा. तिचं गरम-थंड करायचं बटण कधीचंच मोडलंय. नवी हलकी आणू या म्हटलं की ह्यांचं तोंड वाकडं. तर अशी इस्त्री कापडावर किती वेळ फिरवायची आणि कधी उचलायची, हे ह्यांनी गाण्याला बांधून टाकलं होतं. कॉलर म्हणजे पहिली ओळ. बाही म्हणजे दुसरी ओळ दोनदा. पाठ म्हणजे अख्खं कडवं. कडवं संपलं की कापड पालटायचं. एकतीस वर्षांत कपडा जळला असेल तो दोनदा, आणि दोन्ही वेळा मीच मध्ये बोलले होते.

मग ह्यांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, गाठ सगळी गेली, पण आवाज आता कुजबुजण्यापुरताच राहील. मी म्हटलं, राहीना का! माणूस राहिला यातच सगळं आलं. घरात तसंही मीच बोलते.

महिन्याभराने हे पुन्हा टेबलाशी उभे राहिले आणि खरी गंमत सुरू झाली. समोरच्या दवाखान्याचे पांढरे कोट रोज आमच्याकडे येतात. पहिल्याच आठवड्यात तीन कोट पिवळे पडले, आणि पाच सुरकुत्यांसकट परत आले. कोट न्यायला येणारी सिस्टर भली बाई, काही बोलली नाही. तिचं न बोलणंच ह्यांना लागलं.

"मनातल्या मनात म्हणा की गाणं," मी सुचवलं.

"मनातलं पळतं," हे कुजबुजले. "त्याला श्वास लागत नाही ना."

त्यानंतर सोमवारी ह्यांनी काय करावं? शेजारच्या चष्मेवाल्यांना दुकान वाढवायचं होतं, ते किती वर्षं आमच्या जागेवर डोळा ठेवून होते. ह्यांनी त्यांना सांगून टाकलं, "शनिवारी या, मापं घ्या." मला विचारलं नाही, सांगितलं नाही. मला कळलं ते चष्मेवाल्यांच्या बायकोकडून, तेही ती मला नवीन कपाटं कुठे बसवणार ते सांगत होती म्हणून.

मी ह्यांच्यावर कडाडले. "आणि तुम्ही काय करणार?"

"घरी बसेन."

एकतीस वर्षं उभा राहिलेला माणूस एकदा भिंतीकडे तोंड करून बसला की पुन्हा उठत नाही, हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिलंय. दुकान गेलं तर जाऊ दे. हे जातील, याची मला भीती होती.

तोडगा काढला लेकीने. म्हणाली, "आई, खिशात मावणारा म्युझिक प्लेयर मिळतो. बाबांचं गाणं त्यात भरून देते. कानात लावतील आणि त्या तालावर हात चालवतील." तेव्हा आमच्या फोनवर फक्त बोलता यायचं, तेही गच्चीत जाऊन. मला लेकीचं म्हणणं एकदम पटलं. मंगळवारी आम्ही दोघी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो.

काउंटरवर एक बाई होती, चटपटीत. तिने चार-पाच नमुने मांडले. एक तर एवढा छोटा की मी तो खिशात विसरून धुऊन टाकला असता. शेवटी साबणाच्या वडीएवढा, निळा, मोठ्या बटणांचा निवडला. ती बाई कौतुकाने म्हणाली, "काकू, यात हजार गाणी मावतात."

"मला एकच ठेवायचंय," मी म्हटलं.

तिने लेकीकडे पाहिलं. लेकीने खांदे उडवले.

बुधवारी सकाळी मोठ्या थाटात आम्ही तो प्लेयर ह्यांच्या खिशात ठेवला. कानातली बोंडं दोनदा खाली पडली, तिसऱ्यांदा बसली. लेकीने बटण दाबलं. ह्यांनी कोट पसरला, इस्त्री उचलली, आणि कॉलरवर हात फिरवता फिरवता कपाळाला आठ्या घातल्या.

"हा इतक्या घाईत का गातोय?"

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. "अहो, तोच तर मूळ गायक आहे."

"असेल. पण चुकीचं गातोय. ह्याला कुठली गाडी गाठायची होती?"

लेक हसायला लागली. मला मात्र हसू येईना, कारण ह्यांचं बरोबर होतं. मीही एक बोंड कानाला लावून पाहिलं होतं. एकतीस वर्षांत ह्यांनी त्या गाण्याची ओळन् ओळ इस्त्रीच्या वजनाएवढी लांबवून ठेवली होती. मूळ गाणं आमच्या गाण्यापुढे पळत सुटलेलं वाटत होतं.

तरी ह्यांनी नेट लावला. बाह्या झाल्या, कशाबशा. मग पाठ आली. कडवं संपलं. आता कापड पालटायचं, पण गाण्यात पुढची ओळ येईना, कारण सिनेमातल्या गाण्यात मध्ये बासरी वाजते, मग सारंगी वाजते, मग पुन्हा बासरी. ह्यांच्या गुणगुणण्यात ती वाजंत्री कधी नव्हतीच. हे पुढच्या ओळीची वाट बघत उभे राहिले, आणि हातही इस्त्रीसकट तिथेच उभा राहिला. मला वास आला तेव्हा उशीर झाला होता. मोठ्या डॉक्टरांच्या कोटावर पाठीच्या मधोमध इस्त्रीचा तळ उमटला होता.

ह्यांनी बोंडं काढली, वायर नीट गुंडाळली आणि प्लेयर माझ्या मांडीवर आणून ठेवला. "शनिवारी येऊ दे त्यांना," म्हणाले आणि घरी निघून गेले. दुकानाची वेळ संपायच्या आत ते घरी गेल्याचं मी पहिल्यांदा पाहत होते. मला रडू आलं. आणि मला रडू आलं की पाठोपाठ राग येतो.

गुरुवारी सकाळी तो राग घेऊन मी प्लेयरच्या दुकानात गेले.

"हे परत घ्या."

"काय बिघाड आहे, काकू?" तिने प्लेयर हातात घेऊन बटणं दाबून पाहिली.

"गाणारा घाई करतो."

"त्याला मी काय करणार?"

"आणि मध्येमध्ये वाजवत बसतो. ह्याच्या वाजवण्यापायी आमचा कोट जळला! एक धड गाणं ठेवता येत नाही आणि म्हणे हजार मावतात."

ती शहाणी निघाली. माझ्याशी वाद घालत बसली नाही. म्हणाली, "उघडलेला माल परत घेता येत नाही. पण गाणं पसंत नसेल तर यात आपला आवाजही भरता येतो. हे लाल बटण." आणि तिने ते दाबलेलंच होतं. माझंच बोलणं मला ऐकवलं. 'गाणारा घाई करतो, आणि मध्येमध्ये वाजवत बसतो...' माझा आवाज इतका कर्कश आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

मी ते यंत्र गपचूप पिशवीत टाकलं. बाहेर पायरीवर आले आणि तिथेच थांबले. ह्यांच्या चालीतलं ते गाणं जगात फक्त एकाच माणसाने रोज ऐकलं होतं, आणि ती मी होते.

आता माझ्या गळ्याबद्दल सांगायचं तर, लेक लहान असताना मी तिला झोपवायला गायचे तेव्हा हे म्हणायचे, "अगं, पोर झोपायला आलीय, तिला जागं कशाला करतेस?" तेव्हापासून मी गाणं या गोष्टीला रामराम ठोकला होता. पण गरज पडली की माणसाला लाज परवडत नाही. दुपारी हे घरी पडले होते. मी दुकानाचं दार लावून घेतलं, टेबलावर एक कोट पसरला, थंड इस्त्री हातात धरली आणि लाल बटण दाबलं.

पहिल्या वेळी कॉलरवरच माझं मनगट भरून आलं. इतकी वर्षं तिला धोंडा म्हणत होते, पण हातात धरून अख्खा कोट कधी केला नव्हता. दुसऱ्या वेळी कोणीतरी दार वाजवलं. तिसऱ्या वेळी शिंक. मग जमायला लागलं. सूर नव्हताच, तो कुठून आणणार? पण हे कुठे ओळ लांबवायचे, कुठे श्वास घ्यायचे, हे मला पाठ होतं, मला माहीत नसताना पाठ होतं. ह्यांचा हात पाण्याच्या बाटलीकडे जायचा तिथे मी म्हटलं, "पाणी." कडवं संपलं तिथे म्हटलं, "पालटा." मध्ये बासरी नाही, सारंगी नाही. आठव्या वेळी मला धाप लागली होती, पण वेळ अचूक होती. तेच ठेवलं.

शुक्रवारी ह्यांच्यासमोर यंत्र धरलं तर हात मागे घेतला. "पुन्हा तेच?"

"एकदाच. नाहीतर चष्मेवाल्यांना आजच बोलवा, टेबल मी स्वतः उचलून देते."

माझ्यापुढे ह्यांचं फारसं चालत नाही. बोंडं लावली, माझी एक जुनी चादर पसरली आणि बटण दाबलं. मी पुढे येऊन बसले, पण मान मागेच. बघते तर ह्यांचे खांदे हलताहेत. रडतायत असं वाटून मी धावले. हे हसत होते! आवाज नाही, नुसतं अंग गदगदत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"हसा," मी म्हटलं. "पण इस्त्री उचला."

ह्यांनी डोळे पुसले, गाणं पहिल्यापासून लावलं आणि चादर बाजूला सारून कोट घेतला. कॉलर. बाही, दुसरी बाही. बाटलीकडे हात गेला, थेट त्याच जागी. पाठ झाली आणि मी न सांगता, म्हणजे मी कानात सांगितल्यावर, कोट पालटला. मग तो उजेडात धरून पाहिला. पांढराशुभ्र, कडक, कुठे डाग नाही. माझ्याकडे न बघता ह्यांनी पुढचा कोट ओढला. मी सुईत दोरा ओवायला बसले तर चार वेळा चुकला.

त्या दिवशी अकरा कोट झाले. चष्मेवाल्यांचं नाव मात्र ह्यांनी काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारायचा धीरच झाला नाही.

शनिवारी ते आलेच, मापाची टेप घेऊन. "घ्या मापं," अशी ह्यांनी नुसती मान हलवली आणि कोटाची पाठ सुरू केली. चष्मेवाले भिंतीला टेप लावू लागले. तेवढ्यात सिस्टरही कोट न्यायला येऊन उभी राहिली. आणि नेमकं तेव्हाच यंत्र बंद पडलं. रात्री चार्जिंगला लावायचं मी विसरले होते.

हे थांबले. इस्त्री मात्र ह्या वेळी कापडावर नव्हती, हातात वर धरलेली होती. माझ्याकडे बघून कुजबुजले, "तू म्हण."

"अहो, लोक आहेत."

"असू देत. इस्त्री तापलीय."

मी गायले. दार उघडं, रस्त्यावरची माणसं वळून बघतायत, सिस्टरने तोंडावर हात ठेवलाय, चष्मेवाल्यांची टेप हातातून सुटून आत गुंडाळली गेलीय, आणि मी भसाड्या आवाजात नावाड्याचं गाणं म्हणतेय. ह्यांचा हात चालू झाला. कडवं संपलं. "पालटा," मी म्हटलं. ह्यांनी पालटलं. मी दम घ्यायला थांबले.

चष्मेवाल्यांनी घसा खाकरला. "मग सोमवारी टेबल हलवायचं ना?"

"सोमवारी कोट येतात," हे म्हणाले.

"मंगळवारी?"

"रोज येतात." कुजबूजच ती, पण दुकानात सगळ्यांना ऐकू गेली. "तुम्हाला उगाच त्रास दिला, भाऊ. जागा द्यायची नाही."

मग माझ्याकडे वळले. "थांबलीस का? पुढची बाजू राहिलीय."

मी पुढची ओळ धरली, ती आणखीनच वाईट लागली. ह्यांनी तेवढ्यात इस्त्री फिरवून घेतली.