पटाशीच्या रुंदीचा गंज

पिकअप शेवटी सुतारालाच मिळाली. पण हे आपण अजून ऐकलेलं नाही. चुकून ऐकलं असेल तर विसरून जावं, कारण त्या सकाळी सुतार बायकोसोबत रोपांच्या नर्सरीच्या फाटकातून आत शिरला तो गाडी घ्यायला नव्हे, गाडीचं पितळ उघडं पाडायला.

त्याला कारणही तसंच होतं. त्याची आधीची गाडी भर चौकात, सिग्नल लाल असताना, उभ्याउभ्या मधोमध मोडली होती. मागे कपाट, पुढे सुतार आणि मध्ये चासी, म्हणजे गाडीचा सगळा भार पेलणारा लोखंडी सांगाडा, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. कपाट ज्याचं होतं ते गिऱ्हाईक शेजारच्याच गाडीत बसून काच खाली करून बघत होतं.

तेव्हापासून तयार माल कारखान्यात अडकून पडला होता. गाडी मिळाली नाही तर कारखान्याला कुलूप, आणि सुतार मेहुण्याच्या फर्निचरच्या दुकानात नोकरीला. मेहुणा वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. "दाजी, तुमच्यासाठी खुर्ची बाजूला काढून ठेवलीय," असं तो दर भेटीत प्रेमाने सांगायचा. खुर्ची प्लास्टिकची होती.

"खालून बघायचीय ना?" नर्सरीवाल्या काकूंनी विचारलं आणि एक उशी पुढे केली. "मानेखाली घ्या."

सुताराने बायकोला बाजूला ओढलं. "उशी!"

"मग? धोंडा द्यायला हवा होता?"

"अगं, गाडीखाली घ्यायला उशी तयार कोण ठेवतं? ज्याच्या गाडीखाली रोज माणसं आडवी होतात आणि उठून निघून जातात, तो."

"उशी घे आणि आडवा हो."

सुतार आडवा झाला. खाली सगळं काळंभोर, नव्या नवरदेवाच्या बुटांसारखं चकचकीत.

"काकू, हा रंग कधी मारलात?"

"मागच्या महिन्यात. दरवर्षी मारते. कुंड्यांचं पाणी गळतं ना."

"पाणी गळतं," सुतार गाडीखालून बायकोच्या चपलांना म्हणाला. "स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. मी म्हणतच होतो, कुठेतरी पाणी मुरतंय."

सुताराला लाकडातलं सगळं कळायचं, आणि लोखंड म्हणजे जरा हट्टी लाकूड, अशी त्याची समजूत होती. त्याने बोटाच्या पेराने चासीवर टकटक केलं, कान लावला, पुन्हा टकटक केलं.

"पोकळ आहे! आतून खाल्लंय!"

"पोकळच असते," काकू म्हणाल्या. "चौकोनी नळी आहे ती."

"खाल्लंय कुणी पण?" बायकोने विचारलं. "वाळवीने?"

सुताराने हे मनावर घेतलं नाही. त्याने पिशवीतून लाकूड तासायची पटाशी काढली. "काकू, थोडा रंग खरवडून बघू?"

"बघा की."

इतक्या पटकन हो? ज्याच्या मनात खोट तो नको म्हणेल. पण ज्याची खोट दुसरीकडे आहे तो आनंदाने हो म्हणेल. म्हणून सुताराने दुसरीकडेही खरवडलं. मग ज्याची खोट तिसरीकडे असते तो माणूस त्याला आठवला. असं करत करत तो बंपरपासून बंपरपर्यंत पोचला. सगळीकडे खाली स्वच्छ, पांढरंशुभ्र लोखंड. गंजाचा ठिपका नाही. सुतार अंगभर काळा भुगा घेऊन बाहेर आला, आणि चेहरा असा, की जणू फसवणूक न झाल्यानेच त्याची फसवणूक झाली होती.

"उघडं पडलंय त्यावर आजच रंग मारून घेते," काकू म्हणाल्या.

"अजिबात नाही! मी विचार करून येतो. तोवर आहे तसं राहू द्या. गाडी हलवायचीही नाही."

"अहो, इथे रोज फवारे चालतात."

"चालू देत," सुतार म्हणाला. त्याला डाव कळला होता. हलवायच्या निमित्ताने गाडीच बदलायची!

आठवड्याने ती दोघं परत आली. सुतार उशीशिवायच गाडीखाली घुसला आणि आतून आरोळी आली.

"सापडला! गंज! इथून तिथपर्यंत!"

बायकोने वाकून टॉर्च मारला. चासीवर नारिंगी पट्टे उमटले होते. सगळे सरळ, सगळे एकाच मापाचे.

"तुझी पटाशी दे बघू," ती म्हणाली. तिने पटाशी एका पट्ट्यावर ठेवली. तंतोतंत बसली.

बाजूला फवारे आपलं काम करत होते.

"योगायोग असतात," सुतार म्हणाला.

"मी आता गाडी विकणार नाही," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं जपली. आठवड्यात तुम्ही ही दशा केलीत. तुमच्या हाती दिली तर महिन्याने मागे काय उरेल? मला तुमचाच संशय येतोय."

सुताराच्या डोळ्यांपुढे प्लास्टिकची खुर्ची आली. तिच्या पाठीला भोकंसुद्धा होती.

"काकू, असं नका करू. मी घासून देतो. रंग देतो. तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हणेन तस्संच. आणि मी बघणार."

मग सुतार दिवसभर गाडीखाली पॉलिश पेपर घासत राहिला, आणि काकू दुसऱ्या बाजूने उशीवर डोकं ठेवून आडव्या. "इथे राहिलं. तिथेही राहिलं. लपवताय का काही?" सुताराने मारलेला रंग वाळल्यावर त्यांनी स्वतःच्या बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, आणि बाहेर येऊन नाइलाजाने म्हणाल्या, "बरं. न्या."

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"ताई, झालं का गाडीचं?" मेहुण्याचा आवाज आला. "की खुर्ची पुसून ठेवू?"

"झालं रे. रंगही वाळला, निघतोच."

"रंग? म्हणजे गंज होता वाटतं?"

बायकोने काकूंकडे पाहिलं, काकूंनी बायकोकडे पाहिलं, आणि दोघींच्या चेहऱ्यावर जे हसू पसरायला लागलं ते अजून गाडीखालीच असलेल्या सुताराला नीट दिसलं. त्याने घसा खाकरला.

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर गंज प्रस्तुत खरेदीदार वाहनाखाली जाण्यापूर्वीपासूनच अस्तित्वात होता असे गृहीत धरण्यात यावे, आणि याबाबत खरेदीदाराच्या सासरी कोणताही पत्रव्यवहार, फोन अथवा हास्य करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."