जावयाच्या मिरच्या

सासरे दर वर्षी ढोबळी मिरचीची रोपं जावयाकडे धाडायचे आणि ती दर वर्षी परसात मरायची. जावयाचं चष्म्यांचं दुकान; मातीशी संबंध बुटांपुरता. पहिल्याच वर्षी फोनवर त्याच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, झकास आलीत." मग शब्द खरा करायला त्याने बाजारातून पिकून लाल झालेल्या मिरच्या आणून सासरी पोचवल्या.

"हे अंगाशी येईल," बायको म्हणाली. तरी पुढच्या वर्षीही पिशवी गेलीच.

यंदा सासरे न कळवता आले ते थेट परसात गेले. वाफ्यात वाळक्या काड्या, जमीन फरशीसारखी टणक.

"या वर्षी जरा..." जावयाने सुरुवात केली.

सासऱ्यांनी ढेकूळ दाबून पाहिलं. फुटलं नाही. त्यांनी झाकणाची बरणी मागवली, त्यात माती अन् पाणी घालून खळखळून हलवली आणि कट्ट्यावर ठेवली. चहा झाला, जेवणं झाली, तरी पाणी गढूळच. तळाशी रेतीचा पातळ थर. पालापाचोळ्याचा कणसुद्धा तरंगत नव्हता.

"नुसती चिकणमाती आहे. त्यात तुम्ही वाफ्यात उभं राहून पाणी घालता, ती दाबली जाते. मुळं शिरणार कुठून? जावईबापू, इथे कधी काही आलंच नसणार."

जावयाचे कान तापले. "त्या मिरच्या बाजारच्या होत्या."

सासऱ्यांनी बरणी बाजूला सारली. "मी त्यांचं बी धरलं होतं. आमच्या जावयाच्या मिरच्या म्हणून गल्लीभर रोपं वाटली. बाजारच्या संकरित मिरचीचं बी, पुढे तशी फळं देत नाही; एकाकडेही धड फळ आलं नाही. मी त्यांना म्हणालो, तुमची मातीच वाईट."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं जावयाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी वाफा खोल खणला, सुका पाला आणि कुजलेलं शेणखत मिसळलं, पाय ठेवायला कडेने फळी टाकली. मग जावई आपणहून सासऱ्यांबरोबर त्यांच्या गल्लीत गेला. पहिल्याच दारात त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं.

"अहो, तुम्ही वाईट म्हणालात म्हणून मी ती माती उपसून कुंपणाबाहेर फेकून दिली," शेजारीणबाई म्हणाल्या. "चांगली भुसभुशीत होती."

सासऱ्यांनी तोंड फिरवलं. जावयाने घमेलं मागून घेतलं आणि कुंपणाबाहेरची माती परत भरायला लागला. बाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी पाणीही विचारलं नाही, आणि त्याची मागायची हिंमत झाली नाही.