झुंबरबाईचा नागदिवा

"फिरली! फिरली रं काडी!"

खडेवाडीच्या बिरदेवापुढच्या मांडवात दोनशे माणसं एकदम पुढे सरकली. कोडोलीकडूनही जीपा भरून लोक आले होते. मधोमध पितळी ताट, ताटात तांदूळ, तांदळावर सुपारीएवढा मातकट कंद, आणि कंदाच्या डोक्यात खोचलेली एक बारीक तपकिरी काडी, कोपरात वाकवल्यासारखी. नागदीप महाराजांनी तिच्यावर तीर्थाचे दोन थेंब टाकले आणि हात मागे घेतले. कुणी शिवलं नाही, कुणी फुंकर मारली नाही. तरी काडीचं वाकडं टोक घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरू लागलं.

"हा नागदिवा आहे, भक्तहो!" महाराज गरजले. "कंदिलासारखं याचं फूल. आणि कंदील कशासाठी? अंधार शोधण्यासाठी! ज्या घरात बाधा, त्या घराकडे हा बोट दाखवणार. याच्यात ब्रह्मांडाच्या लहरी आहेत. अमेरिकेत यंत्रावर मोजल्यात!"

कुठल्या यंत्रावर, हे कुणी विचारलं नाही. काडी फिरत फिरत गर्दीतल्या स्वप्नालीच्या रोखानं आली आणि महाराजांनी चपळाईनं तिच्यावर तांब्याचा गडू पालथा घातला. "बस! नागदिवा निजला. या ताईंच्या घरात बाधा आहे."

स्वप्नाली रडवेली झाली. "खरं हाय महाराज. आमची म्हस आटलीया."

मागे खांबाला टेकलेल्या तिच्या सासूला, झुंबरबाईला, राहवलं नाही. "आगं, म्हस आठ म्हैन्यांची गाभण हाय. आटंल न्हाय तर काय नाचंल?"

लोक हसले. महाराजांनी डोळे वटारले. "शंका घेतली की बाधा दुप्पट होते, माताजी."

हसू जागच्या जागी जिरलं. सरपंच गणपतरावांनी तर झुंबरबाईला हातानंच गप्प केलं.

बाधेवर उपाय एकच होता, आणि गेले तीन दिवस तो गावभर चालला होता. प्रत्येक घरानं सड्यावर जाऊन स्वतःच्या हातानं तीन कंद उपटायचे. एक मंत्रून उंबऱ्याखाली पुरायचा, दोन महाराजांच्या आश्रमाला द्यायचे. स्वप्नालीनं आधीच उपटून आणलेले तीन कंद पिशवीतून काढून पुढे केले, आणि झुंबरबाईनं ते बघताच ओळखले.

हे कंदीलफुलाचे कंद होते. गावावरच्या त्या उघड्या कातळपठारावर, सड्यावर, झुंबरबाईचं निम्मं आयुष्य गवत कापण्यात गेलेलं. भादव्यात तिथल्या मूठभर मातीत ही नाजूक झाडं उगवायची. सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांशिवाय ती जगात कुठं होत नाहीत, हे तिला कोल्हापूरच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या पूर्णिमा मॅडमनी सांगितलेलं. चार वर्षं दोघी मिळून झाडं मोजत होत्या. फुलाच्या कंदिलात बारकी माशी अडकते, दुसऱ्या दिवशी फूलच तिला सोडून देतं, आणि ती परागकण घेऊन पुढच्या फुलावर जाते, हेही तिनं ऐकलेलं. "म्हंजे एक दिस पावणचार करून परत पाठवतंय की!" म्हणून ती हसली होती. यंदा झाडं भरली होती तीनशे बारा. मॅडम शहरात गेल्यावर झाडांवर लक्ष ठेवायचं काम तिचं.

ती तशीच सड्यावर गेली. कुदळीनं उकरलेले खड्डेच खड्डे. बाजूला सुकत पडलेल्या वेली, काहींवर अजून फुलं होती. झुंबरबाईनं एक वेल उचलली, पुन्हा खड्ड्यात ठेवून बघितली. खाली कंदच नव्हता. तिनं मॅडमना फोन लावला. "पोरी, बिगीनं ये. आपली झाडं देवानं न्हाय, मानसानंच संपवाय घेतल्यात."

घरी येऊन ती तिरीमिरीतच म्हशीला वैरण टाकायला लागली. गेल्या सालच्या गवताच्या गंजीतून पेंढी ओढली तसं एक कुसळ बोटात घुसलं. कुसळी गवताचं हे टोकदार, लांब शेपटीचं बी. चाळीस वर्षं लुगड्याला टोचून त्यानं तिला हैराण केलेलं. तिनं ते उपसून काढलं. म्हशीला पाणी पाजताना हात ओले झाले होते. चिमटीतल्या चिमटीत कुसळ वळवळलं आणि त्याची वाकडी शेपूट गोल फिरली.

झुंबरबाई थांबली. चुलीपाशी गेली, टोपलीतला एक बटाटा घेतला, नवं कुसळ त्यात उभं खोचलं आणि वर पाण्याचे दोन थेंब सोडले. मग ती एवढ्या मोठ्यानं हसली, की म्हशीनं रवंथ थांबवून तिच्याकडे बघितलं.

सकाळी पूर्णिमा मॅडम आल्या आणि थेट मांडवात बोलायला उभ्या राहिल्या. ही झाडं दुर्मिळ आहेत, ती गेली तर परत येणार नाहीत, वगैरे. "म्याडम, पुस्तकातलं पुस्तकात ठेवा," गणपतराव म्हणाले. "काडी डोळ्यांदेखत फिरतीया न्हवं?"

"फिरतीया की!" म्हणत झुंबरबाई गर्दीतून पुढे आली आणि ताटाशेजारी आपला बटाटा ठेवला. "पावणं, माझ्या घरचा नागदिवा बी लई जागृत हाय. जरा बगा."

महाराजांना आजवर कुणी पावणं म्हटलं नव्हतं. ते काही बोलायच्या आत झुंबरबाईनं गणपतरावांच्या कपातला चहा बोटानं घेऊन कुसळावर टाकला. कुसळ फिरलं. आधी गणपतरावांकडे वळलं, मग लाऊडस्पीकरकडे, मग मांडवात झोपलेल्या कुत्र्याकडे.

"आता कुत्र्याच्या घरी काय बाधा झाली?" ती म्हणाली. मांडव खदखदला.

"हा बटाटा अपवित्र आहे!"

"बरं. मग तुमचा पवित्र कंद फिरवा. पर त्यो गडू माझ्याकडं द्या." तिनं गडू उचलून काखेत मारला. तीर्थाचा थेंब तिनंच टाकला. काडी फिरली, स्वप्नालीला ओलांडून गेली, देवळाला ओलांडून गेली आणि गडू पालथा घालणारं कुणी नसल्यामुळे आरामात महाराजांच्या पोटाकडे वळली.

आता मॅडमचं बोलणं लोकांना ऐकू येऊ लागलं. महाराजांची काडी म्हणजे हेच कुसळ. त्याला वाळल्यावर पीळ पडतो, ओलं झालं की तो पीळ सुटतो आणि शेपूट फिरते. ओलं-वाळणं चालू राहिलं की बी स्वतःला मातीत रुजवून घेतं. मंत्र नाही, लहर नाही. आणि काडीनं कुणाकडे बोट दाखवायचं, ते गडू ठरवत होता. पोरांनी धावत जाऊन गंजीतली कुसळं आणली. घटकाभरात कांदा, वांगं, साबणाची वडी, सगळेच नागदिवे झाले.

या गोंधळात महाराज गाडीपर्यंत पोचले होते, पण किल्ली गावच्या पोलीस पाटलांनी आधीच काढून मुठीत धरली होती. डिकीत पिशवीभर कंद सापडले. त्यांची पूड करून शहरात ताकदीचं औषध म्हणून विकायची, असा बेत निघाला. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, हे महाराजांना कोडोलीहून आलेल्या पोलिसांनी समजावून सांगितलं.

"आत्ती," स्वप्नाली खाली मान घालून म्हणाली, "मला लई लाज वाटतीया."

"फसल्याची लाज नगं बाळगूस. डोळ्यांम्होरं काय फिरलं तर पाया पडायच्या आदी इचारायचं, हे का फिरतंय? एवढं केलं की झालं."

त्या दुपारी उंबरे उकरले गेले. कुणी कंद ओच्यात लपवून आणले, कुणी पिशवीत. गणपतराव सगळ्यांत शेवटी आले आणि सहा कंद ठेवून गेले. मॅडमनी हे आणि डिकीतले कंद एकत्र करून निवड केली. बरेच कुजले होते, काहींना कुदळीचा घाव बसला होता. धड निघाले एकशे अठरा. झुंबरबाई आणि स्वप्नालीनं ते सड्यावर जिथल्या तिथं लावले.

पुढच्या भादव्यात त्यांतले सत्तावन्न उगवले. बाकीचे गेले ते गेले. आता मोजणीला स्वप्नालीही जाते. परवा सड्यावर फिरायला आलेल्या एका पाहुण्यानं तिला विचारलं, "या झाडात गुण काय आहे हो?"

"उगवतंय, फुलतंय, माशीला जेवू घालतंय," ती म्हणाली. "तुम्ही आजारी असाल तर दवाखान्यात जावा. झाड बगायचं असंल तर वाकून बगा. उपटू नगा."

पाहुणा गुडघ्यावर बसला आणि वाकून बघू लागला.